मुरलेली हवी, उष्टी नको

जुनी चिलीम किंवा कोणाचा तरी वापरलेला पाइप पैसे मोजून घरी आणणाऱ्या माणसाच्या दोन मागण्या असतात, आणि तो त्या एकाच दमात करतो. पहिली मागणी, वस्तू मुरलेली हवी. नव्या चिलमीला मातीची चव लागते, नवा लाकडी पाइप जीभ पोळतो, तेव्हा कोणीतरी वर्षानुवर्षं ओढून वळणावर आणलेली वस्तू बरी, असा त्याचा हिशेब असतो. दुसरी मागणी, त्या कोणीतरीच्या तंबाखूचा वास तिला बिलकूल नको. आता मुरलेपण म्हणजे तरी काय? त्या कोणीतरीचा तंबाखूच. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जादा पैसे दिले, तीच गोष्ट घरी आल्याआल्या मिठाने, लिंबाने नि तारेच्या काथ्याने घासून काढायची. या खटाटोपाकडे थंड डोक्याने पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते: भांडण वासाशी नसतंच, ते आधीच्या मालकाशी असतं. वास बऱ्यापैकी काढता येतो; त्याचं शास्त्र आहे, त्याच्या रीती आहेत. मालक मात्र निघत नाही. एवढंच मला पुराव्यानिशी सांगायचं आहे, आणि पुरावे बारामती-इंदापूरच्या पंचक्रोशीत पुष्कळ सापडतात.

पहिला आक्षेप अर्थातच असा येईल, की या दोन तालुक्यांत पाइपाचा वास काढायची गरज पडते कोणाला? आक्षेप चुकीचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले, पण धूर काढणारे त्यात अवघे ३.८ टक्के. बाकीची मंडळी चुना मळून, दाढेखाली धरून, मिसरी लावून आपला कार्यभाग उरकतात. म्हणजे आपला प्रांत धुराचा नव्हे, पिचकारीचा. त्या ३.८ टक्क्यांतूनही विडी-सिगारेटवाले वजा केले तर चिलीमवाले नि पाइपवाले एका एसटीत उभ्याने मावतील. पण माणसं कमी झाली म्हणून वस्तू कमी होत नाहीत. जुन्या घराच्या देवळीत आजोबांची चिलीम असतेच. आजोबा जाऊन एक पिढी उलटली तरी ती टाकायचा धीर कोणाला होत नाही. कोणी माळ घातली, मद्य-मांसाबरोबर धूरही सोडला, आणि चिलीम भाच्याच्या गळ्यात मारली. कोणी पुण्याच्या जुन्या बाजारात कुलूप घ्यायला गेला आणि येताना पाइप घेऊन आला. शिवाय आता घरटी एक इंजिनिअर परदेशात आहे, आणि त्याला सुट्टीत वडिलांसाठी काय आणावं हे सुचत नसतं. तेव्हा ओढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि ओढायच्या वस्तू घरोघर, अशी ही स्थिती आहे. वास त्या वस्तूंना आहे.

तंबाखू आपल्या भागात उपरा असला तरी फार लांबून फिरून आलेला नाही. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या दरबारी आला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि रत्नजडित नळीसकट तो बादशहापुढे नेऊन ठेवला. विजापूर आपल्याला आग्र्यापेक्षा कितीतरी जवळचं. सुपे-इंदापूरचा हा मुलूख तेव्हा निजामशाही नि आदिलशाही यांच्या ओढाताणीत होता. म्हणजे आग्र्याच्या आधी इथल्या कोणा शिलेदाराला ठसका लागला असणं अगदी शक्य आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले तेव्हा हकिमांनी हरकत घेतली, की हे आमच्या ग्रंथांत नाही. असद बेगने उत्तर दिलं की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, आणि बंदीचं जे व्हायचं तेच झालं. या सगळ्या हकिकतीत चवीची चर्चा आहे, प्रकृतीची आहे, नळीच्या आधीच्या वासाची चर्चा मात्र कुठे नाही. कारण उघड आहे. अकबराला वापरलेली नळी नजर करण्याची कोणाची छाती होती?

वास मुरतो कसा, हे आधी पाहिलं पाहिजे, कारण काढण्याची रीत त्यावरच ठरते. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरात डांबरासारखा चिकटा असतो, निकोटिन असतं, आणि वाफ असते. भाजलेली माती नि लाकूड दोन्ही सच्छिद्र. धूर गरम असताना आत शिरतो, वस्तू थंड झाली की तिथेच बसतो, आणि पुढच्या खेपेला ऊब मिळाली की पुन्हा थोडाथोडा बाहेर येतो. म्हणून थंड पाइप नाकाला लावून 'वास गेला' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पेटवल्यावर काय होतं ते पाहावं. हा चिकटा किती चिवट असतो यावर अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१० मध्ये काम प्रसिद्ध केलं: धूर विरून गेल्यावरही पृष्ठभागांवर चिकटलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं बनतात. ओढणारा उठून गेला तरी त्याचा उद्योग भिंतीवर चालूच राहतो, असा त्याचा अर्थ. हे वाचून कोणी जुनी मोटार घेताना आरशाला टांगलेल्या अत्तराच्या बाटलीकडे संशयाने पाहू लागला तर ते रास्तच आहे.

मातीच्या चिलमीचा निकाल सोपा. तिला विस्तवात घालावं. आतला खडा आधी काढून ठेवावा, चिलीम उन्हात कोरडी करावी, कारण ओल राहिली तर ती तडकते. मग गुऱ्हाळाच्या चुलाणातल्या निखाऱ्यांत नाहीतर घरच्या चुलीच्या इंगळात रात्रभर पुरावी. चिकटा सेंद्रिय असतो, हवा लागली की जळून जातो. माती एकदा भट्टीतून गेलेली असते, तिला त्याचं काही वाटत नाही. काळी चिलीम आत जाते, सकाळी तांबूस बाहेर येते. इंग्लंडातल्या जुन्या गुत्त्यांत गिऱ्हाइकांचे मातीचे पाइप लोखंडी जाळीत रचून असेच भाजून घेत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देत. आपल्याकडे तर ही रीत त्याहून कितीतरी जुनी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांडीकुंडी शुद्ध करण्याचा सविस्तर विचार आहे, त्यात मातीचं भांडं पुन्हा भाजलं की शुद्ध होतं असं स्पष्ट सांगितलं आहे. पण लगेच पुढच्या श्लोकात मेख मारलेली आहे. मद्य, मलमूत्र, रक्त, पू किंवा थुंकी यांचा स्पर्श झालेलं मातीचं भांडं पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. थुंकी! म्हणजे तंबाखू भारतात येण्याच्या कित्येक शतकं आधी चिलमीचा खटला निकालात निघालेला आहे, आणि तोही आरोपीच्या विरुद्ध.

इथे चिलीमवाले उठून उभे राहतील आणि छापी पुढे करतील. चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळायचं, त्यावर मूठ वळायची आणि मुठीतून ओढायचं. ओठ मातीला लागतच नाहीत, तर थुंकी कुठून लागेल? हा युक्तिवाद मजबूत आहे. एकच चिलीम पारावर पाच जणांत फिरायची आणि तरी कोणाचं उष्टं कोणी खाल्लं नाही, ही त्या चिंधीची करामत. धूर सामाईक, ओठ ज्याचे त्याचे. कायदेपंडितांनाही न सुचलेली तडजोड गावच्या माणसाने एका फडक्यात बसवली. पण याच तडजोडीने माझा मुद्दाही सिद्ध होतो. छापीने वास अडत नाही, ती धूर थोडा थंड करते नि कचरा गाळते एवढंच. तरी ती असली की मन निश्चिंत. म्हणजे आक्षेप वासाला नव्हताच, तो ओठांना होता. आणि भाजून काढलेल्या चिलमीचं पुढे काय होतं तेही पाहावं: वास गेला, चिकटा गेला, आणि चव कसली उरली, तर मातीची. कुंभाराकडे थोडक्या पैशांत जशी मिळते तशी ती पुन्हा कोरी झाली. रात्रभर सरपण जाळून जुनी चिलीम नवी केली, आणि नवी नको म्हणूनच तर जुनी घेतली होती.

लाकडी पाइपाचं प्रकरण जास्त नाजूक, कारण त्याला चुलाणात घालता येत नाही. घातला तर वास जातो पण पाइपही जातो. हे पाइप बहुतेक ब्रायरचे असतात, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचे. फ्रान्समधल्या सें-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकात त्यावर सगळा धंदा उभा केला. या पाइपाच्या आत काजळीचा थर बसतो. जेमतेम एक मिलिमीटर असला तर तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो, जास्त झाला तर खरवडावा लागतो. खरवडून झालं की जाणकार मंडळी पाइपाच्या पेल्यात मीठ भरतात, त्यावर शुद्ध मद्यार्काचे थेंब सोडतात आणि रात्रभर ठेवतात. सकाळी मीठ तपकिरी झालेलं असतं. मिठाने कधीकधी लाकूड तडकतं म्हणून काही जण कापूस भरतात. मद्यार्क चिकटा विरघळवतो, मीठ किंवा कापूस तो शोषतो. यात जादू काही नाही. नळी काळ्या एबोनाइटची असेल तर तिची आणखी एक तऱ्हा: ते रबर गंधक घालून कडक केलेलं असतं, जुनं झालं की हिरवट पडतं आणि तोंडात धरल्यावर गंधकाची चव लागते. ती तंबाखूची म्हणून उगाच आधीच्या मालकाच्या नावावर टाकू नये.

आता गंमत अशी, की मद्यार्काच्या बाबतीत बारामती-इंदापूरकराइतका भाग्यवान माणूस शोधून सापडणार नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एवढे सहकारी साखर कारखाने दोन तालुक्यांत. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढायचं शास्त्र इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ. मद्यार्काचे टँकर हमरस्त्याने जातात, इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि गावातली मोटारसायकल रोज त्यावर धावते. पण पाइप धुवायला त्यातला चहाचा कपभर मागून पाहावा! १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. औद्योगिक मद्यार्क मिळाला तरी तो कोणी पिऊ नये म्हणून त्यात विषारी नि घाणेरडी द्रव्यं मिसळलेली असतात. तो पाइपात घालणं म्हणजे तंबाखूचा वास घालवून दवाखान्याची वाट धरणं. उरली बाटलीतली रम, तीही शेवटी मळीचीच लेक. पण तिचा परवाना माणसाने पिण्यासाठी असतो. पाइपला पाजण्यासाठीचा परवाना कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ज्या मातीतून मद्यार्काची नदी वाहते, तिथल्या माणसाने पाइप धुवायला लिंबू पिळावं, ही सहकाराची शोकांतिका कोणीतरी वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत मांडायला हवी.

लिंबावर आलो ते बरं झालं, कारण घरगुती उपायांचं खरं स्वरूप तिथे कळतं. चिंचेचा कोळ, ताक, चहाचा चोथा, लवंगा, वेलदोड्याची टरफलं, धूप, आणि उत्साह फारच असला तर कडुनिंबाचा पाला. यातला एकही वास काढत नाही. प्रत्येक जण आपला वास वर चढवतो, आणि खालचा वास तिथेच दबा धरून बसतो. चिंचेने पितळी गुडगुडी लखलखते हे खरं, पण पितळेला वास धरायला छिद्रंच नसतात; तिथे मिळालेल्या यशावरून लाकडाला चिंच लावणं म्हणजे एका गावच्या निवडणुकीवरून दुसऱ्या गावचा निकाल सांगणं. ताकाने तर लाकूड आंबतं. कोळसा मात्र खरा गुणी. चांगला सच्छिद्र कोळसा वासाला आपल्यात ओढून घेतो आणि बदल्यात स्वतःचं काही देत नाही. पण तो सावकाश काम करतो, त्याला रूप नाही, सुगंध नाही, त्याच्या बाटलीवर फुलाचं चित्र छापता येत नाही, म्हणून घरात त्याला कोणी मान देत नाही.

साखर कारखान्यात हाच व्यवहार राजरोस आणि प्रामाणिकपणे चालतो. उसाच्या रसात चुन्याचं दूध नि गंधकाचा धूर सोडतात, गाळ खाली बसवतात, रस आटवतात, आणि पांढरी साखर बाहेर पडते. रंग नि वास नाहीसे झाले, असं कोणी तिथे म्हणत नाही. ते प्रेसमडमध्ये गेले, मळीत गेले, हंगामात संध्याकाळी वारं फिरलं की अख्ख्या गावाच्या नाकात गेले. पाइपाचं तसंच आहे. मिठातला तपकिरी रंग म्हणजे पाइपातून निघून मिठात गेलेला आधीचा मालक. आता ते मीठ कुठे टाकायचं हा पुढचा प्रश्न. तुळशीत नको, बेसिनमध्ये नको, आणि परसातली कोंबडी ते खाईल की काय ही धास्ती.

काढणाराच परीक्षक असतो, हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा दोष. नाकाचा स्वभाव असा की एकच वास काही मिनिटं घेतला की त्याला तो जाणवेनासा होतो. शिवाय धूर काढणाऱ्याचं नाक मुळातच बोथट झालेलं. अशा माणसाने तासभर पाइपात नाक खुपसून बसायचं आणि मग 'गेला वास' असं जाहीर करायचं, याला काही अर्थ नाही. ठेकेदाराने स्वतःच रस्ता करून स्वतःच पूर्णत्वाचा दाखला द्यावा तशातली ही गत. खरी परीक्षा कधीच तंबाखू न शिवलेल्या, त्या खोलीत नुकत्याच आलेल्या आणि स्पष्ट बोलण्याची सवय असलेल्या माणसाकडून करून घ्यावी. प्रत्येक घरात असं माणूस एक तरी असतं, आणि त्याचा निकाल काय येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याला विचारत नाहीत.

यावर एक सरळ आक्षेप असा, की मग एवढा जीव काढण्यापेक्षा वापरून फेकून द्यायची वस्तू का घेत नाही? अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी १८६९ पासून मक्याच्या बुरकुंडाचे पाइप करतात. स्वस्त, हलके, वास धरला की चुलीत. बारामती-इंदापुरात मका काय थोडा आहे? तो गाईंच्या मुरघासात जातो, आणि कणसं सोलून उरलेली बुरकुंडं जळणात. उद्या कोणा बचतगटाने मनावर घेतलं तर इथला पाइप परदेशी जाईल. उत्तर एवढंच, की बुरकुंडाला इतिहास नसतो आणि हौशी माणसाला इतिहास हवा असतो. फक्त तो कोणाचा तरी नको असतो. खऱ्या शौकिनाला वासाचं काही वावडं नसतं, याचा दाखला शेरलॉक होम्सच्या एका कथेत आहे. आदल्या दिवशी ओढून उरलेला चुरा हा गृहस्थ शेकोटीवरच्या फळीवर वाळवायचा आणि सकाळी न्याहारीच्या आधी तोच भरून ओढायचा. त्याला वास मुरलेला हवाच होता. पण तो स्वतःचा होता, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप जरा अडचणीचा आहे. खानावळीतला चमचा रोज शंभर तोंडांत जातो, तो आपण निमूट तोंडात घालतो. मग एका मेलेल्या माणसाच्या पाइपावर एवढा राग का? चमचा पोलादी, त्याला वास धरत नाही, हे रसायनशास्त्राचं उत्तर झालं आणि ते अपुरं आहे. खरं उत्तर असं की खानावळीतली शंभर तोंडं बिनचेहऱ्याची असतात. पाइपाचा आधीचा मालक एकच असतो; नळीवर त्याच्या दातांच्या खुणा असतात, आणि कोणत्या बाजूच्या दातांत तो नळी धरायचा हेही त्यावरून कळतं. गर्दीचं उष्टं आपल्याला चालतं, एका माणसाचं चालत नाही. म्हणून आजोबांची चिलीम वास असूनही देवळीत राहते, कारण तो माणूस आपला असतो; आणि बाजारातून आणलेला पाइप वास गेल्यावरही दातांत धरवत नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते बरोबर आहेत. वास काढा नाहीतर ठेवा, त्यात नवा तंबाखू भरला की सगळं मुसळ केरात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूर काढायला बंदीच आहे, घरात आजी-नातवंडं आहेत, आणि वर सांगितलेलं बर्कलेचं संशोधन भिंतीलाही सोडत नाही. तेव्हा मातीची चिलीम असेल तर ती खुशाल विस्तवात घालावी, तांबूस झाली की खडा परत बसवून देवळीत ठेवावी. पाहुण्याला दाखवताना हात काळे होत नाहीत हा त्यातला फायदा. ब्रायरचा पाइप असेल तर मीठ, रम, परवाना या भानगडीत न पडता तो दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवावा, ऊसभूषण पुरस्काराच्या मानचिन्हाशेजारी, शेजाऱ्यांना नीट दिसेल असा. बरोबर एक कोळशाचा खडा ठेवला तर उत्तम. कपाट उघडलं की वास येईलच. तर उघडू नये, आणि कोणी विचारलंच तर किल्ली थोरल्याने पुण्याला नेली आहे म्हणून सांगावं.